कोअर निघाला, भोक राहिलं

खनिजाच्या शोधासाठी मारलेल्या बोअरचे पैसे मीटरवर मिळतात. किती मीटर खाली गेलो, त्यातला किती कोअर, म्हणजे दगडाचा गोल दांडा, सलग हाती आला, तो पेटीत क्रमाने लावला का, यावर बिल निघतं. रिगवरच्या प्रत्येकाला हे पक्कं ठाऊक असतं, मुख्य ड्रिलरपासून नाल्यावरून पाणी आणणाऱ्या टँकरवाल्यापर्यंत. शेवटचा रॉड वर आला आणि कोअर पेटीत गेला की त्या जागेत कुणाला रस उरत नाही. रिग पुढच्या खुणेकडे निघते. माझं काम तिथून सुरू होतं.

मी भूजलाची माणूस. भूविज्ञान शिकले, पण दगडातल्या धातूपेक्षा दगडातल्या पाण्यात माझं मन रमलं. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, मुलचेरा मुक्कामी राहून, लोहखनिजाच्या शोधासाठी पाडलेले बोअर बुजवायचे आणि त्याभोवतीची जमीन पुन्हा होती तशी करायची, हे काम मी काही हंगाम केलं. हंगाम म्हणजे दिवाळीनंतर वाट सुकली की मिरगाच्या पहिल्या सरीपर्यंत. मधे मोहफुलं वेचायचे दिवस येतात, मग तेंदूपानांचे. त्या दिवसांत मजूर मागायला गावात जाऊ नये. कुणी येत नाही, आणि येऊही नये.

मुलचेरा तालुका बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. आलापल्लीहून आष्टीकडे जाताना लगाम लागतं, तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. पश्चिमेला प्राणहिता, मधून दिना नदी, आणि पूर्वेला एटापल्लीच्या अंगाने चढत जाणारे डोंगर. त्याच डोंगरांच्या पलीकडे सुरजागड. लोहखनिजाच्या खाणीमुळे ते नाव आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालंय. सपाटीवर सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने इथे वसवलं, आणि त्यांनी जंगलालगत धानाची बांधी आणि घरामागे माशांचं तळं उभं केलं. डोंगराच्या पायथ्याशी माडिया आणि गोंडांची गावं. एकाच तालुक्यात पाण्याला तीन भाषांत हाक मारतात, आणि उन्हाळ्यात तिन्ही भाषांत त्याची काळजी सारखीच असते.

इथला खडक म्हणजे ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म, आणि डोंगरांवर लोखंडी हेमेटाइटचे पट्टे. असा खडक मुळात पाणी धरत नाही. पाणी दोनच जागी असतं. एक वरच्या मुरमात, म्हणजे खडक कुजून झालेल्या थरात. विहिरी जगतात त्या याच पाण्यावर. दुसरं खाली, अखंड खडकातल्या भेगांत. हातपंपाचा बोअर याच भेगा गाठायला मारतात. तो साधारण ६० मीटरच्या आत थांबतो. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमातही ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ धरून तिच्यावर बंधनं घातली आहेत. खनिजाचा बोअर मात्र ती रेघ ओलांडून सहज दीडशे-दोनशे मीटर जातो. भेगेमागून भेग पार करत जातो. त्याला पाणी नको असतं, दगड हवा असतो.

वरचं पाणी आणि खालचं पाणी एक नसतं, हे लोकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. खालचं पाणी दगडात वर्षानुवर्षं राहिलेलं असतं. दगडातलं जे विरघळतं ते त्यात उतरतं. ग्रॅनाइटच्या प्रदेशात त्यात फ्लोराइड असू शकतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांना या फ्लोराइडची ओळख आहे, दातांवरच्या पिवळ्या-तपकिरी डागांतून आणि म्हाताऱ्यांच्या आखडलेल्या सांध्यांतून. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. उलट वरच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असतं, पण गोठ्याचं, शेतातल्या खताचं, संडासाच्या खड्ड्याचं झिरपलेलं त्यात उतरतं. या दोन पाण्यांमध्ये निसर्गाने अखंड दगडाची जाड भिंत ठेवलेली असते. आपण तिला आरपार भोक पाडतो.

मग काय होतं ते दाबावर ठरतं. खालच्या भेगेतलं पाणी दाबाखाली असेल तर ते वर चढतं आणि मुरमात पसरतं. खालची भेग कोरडी किंवा कमी दाबाची असेल तर वरचं पाणी रात्रंदिवस तिच्यात उतरत राहतं. विहिरीचा मालक म्हणतो, पाऊस तर चांगला झाला होता, मग मार्चातच तळ कसा दिसला? त्याला उत्तर देता येत नाही, कारण जिथे पाणी जातंय ते ठिकाण त्याच्या शेतापासून बरंच दूर, जंगलात, पाचोळ्याखाली असतं.

आता प्रत्यक्ष बुजवण्याबद्दल. हे काम मी शब्दांत जितकं सोपं करीन तितकं ते नाही.

पहिली गोष्ट, रिग जागेवर असतानाच बुजवायचं. रिग हलली की अर्धी लढाई गेली. शोधाच्या बोअरचा वरचा भाग मुरमात असतो, तो ढासळू नये म्हणून तिथे लोखंडी केसिंग घातलेलं असतं. केसिंग महाग. ठेकेदार ते उपसून पुढच्या बोअरला नेतो. केसिंग निघालं की मुरूम आत कोसळतो आणि काही फुटांवर अडकून बसतो. वरून पाहिलं तर भोक बुजलेलं दिसतं. फोटो काढला तर फोटोतही बुजलेलंच दिसेल. खाली दीडशे मीटर पोकळी तशीच असते.

दुसरी गोष्ट, वरून ओतायचं नाही. सिमेंटचं पाणी वरून ओतलं तर ते भोकातल्या पाण्यात फाटतं, सिमेंट वेगळं, पाणी वेगळं. माती-खडे टाकले तर ते मधेच अडकून पूल बांधतात. म्हणून रॉड पुन्हा तळापर्यंत सोडायचे आणि पंपाने तळाशी सिमेंट दाबायचं. ते खालून वर चढतं, भोकातलं पाणी वर ढकलतं, आणि तसतसे रॉड वर ओढत यायचं. रॉडचं तोंड सतत सिमेंटमध्ये बुडालेलं राहिलं पाहिजे. तोंड वर निघालं तर मधे पाण्याचा पट्टा राहतो, आणि तो पट्टा म्हणजे फुकट गेलेलं काम.

तिसरी गोष्ट हिशोब. एनक्यू या ड्रिलिंगच्या मापाचं भोक साधारण ७६ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यात मीटरला साडेचार लिटर माल मावतो, म्हणजे १०० मीटरला ४५० लिटर. ५० किलोच्या एका पोत्यात २५ लिटर पाणी घातलं की जेमतेम ४१ लिटर रबडी तयार होते. म्हणजे १०० मीटरला ११ पोती. एचक्यू भोक ९६ मिलिमीटरचं, त्याला जवळजवळ १८ पोती. हा हिशोब मी रिगच्या पत्र्यावर खडूने लिहून ठेवायची. ११ पोत्यांच्या बोअरमध्ये ७ पोत्यांतच माल वर आला, तर खाली कुठेतरी पूल झालाय. आणि १५ पोती जाऊनही वर काही दिसत नसेल, तर भेग माल पितेय. दोन्ही वेळा थांबायचं. पंप चालू ठेवून पोती रिकामी करणं म्हणजे काम नव्हे. भेग माल पीत असेल तर त्या भेगेच्या वरपर्यंत धुतलेली बारीक गिट्टी सोडायची, तिच्यावर थोडं सिमेंट घालून रात्रभर घट्ट होऊ द्यायचं, आणि सकाळी रॉड हलकेच टेकवून पाहायचं. रॉड टणक लागला की पुढचा टप्पा.

माल कसा हवा? धिरड्याच्या पिठाइतका सरकता, पण त्याहून जड. आम्ही थोडं बेंटोनाइट घालायचो. कच्छची ही माती पाण्यात फुगते आणि सिमेंट आखडू लागलं तर फट राहू देत नाही. पण ती आधी पाण्यात भिजवून मगच सिमेंट मिसळायचं. उलटं केलं तर गाठी होतात आणि पंपाची जाळी बंद पडते. वर परतणारं पाणी मी हातात घेऊन बघायची. आधी गढूळ लालसर, लोखंडाच्या रंगाचं. मग राखाडी, पण हाताला पातळ. मग बोटांमधून ओघळताना वेळ लावणारं. ते तिसरं वर आलं की ड्रिलर पंप बंद करायला हात उचलतो. मी त्याला आणखी थोडा वेळ चालू ठेवायला सांगायची, कारण वरचा भाग नेहमी पाण्याने पातळ झालेला असतो.

आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. सिमेंट बसतं. संध्याकाळी काठोकाठ असलेलं भोक सकाळी दोन-तीन हात खाली गेलेलं असतं. हे भरणं कुठल्याच बिलात नसतं, म्हणून ते सगळ्यात आधी गळतं.

एकदा गावातलाच एक हेल्पर, पोती फोडता फोडता, मला म्हणाला, “मॅडम, या भोकात त कोंबडीचा पिल्लूबी जात नाही जी. कायले एवढा सिमेंट टाकता?” त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. बोअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर त्यात पडलेलं मूल येतं. २००६ मध्ये हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात प्रिन्स नावाचा मुलगा बोअरमध्ये पडला आणि सारा देश टीव्हीसमोर बसून होता. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलेल्या बोअरवेलींबद्दल सूचना घालून दिल्या: तोंडावर झाकण वेल्ड करा किंवा बोल्टने आवळा, केसिंगभोवती काँक्रीटचा ओटा करा, निकामी बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून वरपर्यंत भरा. मुलांच्या जिवासाठी या सूचना योग्यच आहेत, आणि त्या आजही पुरेशा पाळल्या जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. पण वाळू आणि दगडगोटे मूल अडवतात, पाणी अडवत नाहीत. वाळूने भरलेला बोअर म्हणजे दोन पाण्यांमधली गाळणी. आणि ७६ मिलिमीटरच्या भोकात मूल पडूच शकत नाही, त्यामुळे खनिजाच्या बोअरची भीती कुणालाच वाटत नाही. ज्या भोकाची भीती वाटत नाही त्याच्यासाठी कुणी रात्री जागत नाही. मी त्या हेल्परला हे सगळं सांगितलं नाही. त्याच्या घरामागच्या विहिरीबद्दल विचारलं, तिचं पाणी हातपंपाच्या पाण्याहून वेगळं लागतं का म्हणून. “विहिरीचा गोड लागते,” तो म्हणाला, “पंपाचा लालसर, डाळ शिजत नाही.” मग मी खडूने दोन रेघा ओढल्या आणि मधून एक उभी रेघ. पुढची पोती त्यानेच मोजून फोडली.

नीट न बुजलेल्या भोकाने काय होऊ शकतं याचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण खाणीचं नाही, जर्मनीतल्या श्टाउफेन नावाच्या जुन्या गावाचं आहे. २००७ मध्ये तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीला जमिनीतल्या उष्णतेने ऊब मिळावी म्हणून सुमारे १४० मीटर खोल सात बोअर मारले. भोकं नीट सील झाली नव्हती. दाबाखालचं पाणी त्यांतून ॲनहायड्राइटच्या थरात शिरलं. पाणी मिळालं की त्या खनिजाचं जिप्सम होतं आणि ते फुगतं. गाव वर उचललं जाऊ लागलं, अडीचशेहून अधिक घरांना तडे गेले. इथल्या खडकात ॲनहायड्राइट नाही, त्यामुळे मुलचेऱ्यात घरं उचलली जाणार नाहीत. तिथे तडा भिंतीवर दिसला, म्हणून जगाला कळलं. आपल्याकडे जे बिघडेल ते विहिरीत बिघडेल, आणि गाव म्हणेल, यंदा पाणी उतरलं.

जुने बोअर हा वेगळाच विषय. या भागात खनिजाचा शोध आजचा नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपूरला, भारतीय खाण ब्युरो नागपूरला, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपूरला, १९७२ पासूनची खनिज गवेषणाची सरकारी कंपनीही नागपूरला. सुरजागडचं लोखंड, ठाणेवासना-दुबारपेठचं तांबं, वर्धा खोऱ्यातला कोळसा, या सगळ्यासाठी कित्येक दशकं भोकं पडली आहेत. त्या माणसांनी जंगलात तंबू ठोकून, मलेरिया सोसून केलेल्या कामाबद्दल मला आदर आहे. त्यांच्या काळात भूजलाचा हा विचार फारसा कुणी करत नव्हतं. पण ती भोकं आहेत तिथेच आहेत.

असं एक भोक आम्हाला तेंदूपानं तोडणाऱ्या बायकांनी दाखवलं. पाचोळा सरकवला तर जमिनीला वाटीएवढा खळगा पडलेला. वजन बांधलेली फीत सोडली, ती सहा मीटरवर अडली. खाली मुरूम अडकला होता. वरून नळी घालून तो धुऊन काढला, रॉड टेकवला, आणि रॉड एकदम खाली गेला. ड्रिलरने ब्रेक धरला म्हणून बरं. कान लावला तर खाली पाण्याचा आवाज येत होता, वरून खाली पडणाऱ्या पाण्याचा. मे महिना होता. वरच्या थरातलं उन्हाळ्यातलं उरलंसुरलं पाणी तिथून उतरत होतं, कोण जाणे किती वर्षं.

खालच्या अंगाला एका बंगाली शेतकऱ्याची विहीर होती आणि ती लवकर आटायची. ती याच बोअरमुळे आटायची असं मी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. ते सिद्ध करायला बोअर मारण्याच्या आधीची पाणीपातळी हवी, आणि ती कुणी मोजलेली नव्हती. माझं सगळ्यात ठाम मत या प्रसंगातून झालं: रिग येण्याच्या आधी आसपासच्या प्रत्येक विहिरीची आणि हातपंपाची पातळी मोजा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह तपासून घ्या, आणि आकडे गावाला द्या. त्याला फार पैसा लागत नाही. ते नसेल तर नंतर गावाची तक्रार म्हणजे नुसती तक्रार राहते आणि कंपनीचा खुलासा म्हणजे नुसता खुलासा. त्या विहिरीच्या मालकाची आई मला रोज विचारायची, “माँ, आमादेर कलेर जल भालो थाकबे तो?” तिच्या हातपंपाचं पाणी चांगलं राहील का, एवढाच तिचा प्रश्न. ते भोक आम्ही टप्प्याटप्प्याने भरलं. हिशोबापेक्षा पुष्कळ जास्त पोती गेली.

भोक बुजलं की जमीन उरते. रिगसाठी सपाट केलेला तुकडा, बोअरमधून परतणारं पाणी साठवायचा खड्डा, आणि रिग आणायला केलेली वाट. खड्ड्यातला गाळ डिझेल-ग्रीसने माखलेला असेल तर तो तिथे पुरायचा नाही, उचलून न्यायचा. खड्डा खणताना वरची काळी माती वेगळी ठेवलेली असेल तरच ती शेवटी वर येते. एकदा का ती मुरमात मिसळली की मिसळली. चाकांनी दाबलेली जमीन टिकावाने उखळावी लागते, नाहीतर पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही. रोपवाटिकेतली रोपं आणून लावण्यापेक्षा मला तिथलंच बी आवडतं. येन, धावडा, चार, बेहडा. मोहाचं बी मात्र ठेवून चालत नाही, महिनाभरात मरतं. ते जूनमध्ये झाडाखालून वेचून लगेच मातीत घालावं लागतं. नेमकं तेव्हा ठेकेदाराची माणसं गावी गेलेली असतात. त्यामुळे हे काम गावातल्या बायकांकडे गेलं, आणि ते त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं. कुठला मोह कुणाच्या घराचा हे जंगलात ठरलेलं असतं. एका झाडासाठी आम्ही रिगची वाट वळवून घेतली होती. ड्रिलर कुरकुरला, पण त्या घरातली सासू-सून दोघी येऊन झाडाखाली बसल्यावर त्याने मुकाट्याने रिग मागे घेतली.

वाट बंद करणं सगळ्यात कठीण. वाट राहिली की तिच्यावरून ट्रॅक्टर येतात, मग लाकूड जातं. आडवे दगड, आडवे चर, काटेरी फांद्या. तरी काही वाटा बंद होत नाहीत.

कागदाचं काम मी शेवटी ठेवायची नाही. गडचिरोली हा ग्रामसभांचा जिल्हा आहे. मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, देशात पहिल्यांदा. ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. म्हणून प्रत्येक बोअरची एक नोंद आम्ही ग्रामसभेला मराठीत द्यायचो: क्रमांक, अक्षांश-रेखांश, खोली, तिरका की उभा, पाणी कुठे कुठे लागलं, सिमेंट कधी आणि किती पोती. सोबत नकाशा, त्यावर विहिरी आणि हातपंप. पहिल्यांदा नकाशा भिंतीवर लावला तेव्हा माणसं खनिजाकडे बघतच नव्हती. बोट ठेवून आपापली विहीर शोधत होती आणि तिथून सगळ्यात जवळचं भोक किती लांब ते विचारत होती.

पैशाचं म्हणाल तर १०० मीटर बोअर बुजवायला लागणाऱ्या सिमेंटची किंमत दोन-तीन मीटर ड्रिलिंगच्या पैशांत बसते. मजुरी आणि रिगचा अडकलेला वेळ धरला तरी हा खर्च कुठल्याही शोधमोहिमेला पेलवतो. अडचण पैशाची नाही, हा खर्च मीटरच्या दरात कुठे धरलेलाच नसतो, ही आहे. निविदेत बुजवण्याचा वेगळा दर असावा, तोही मीटरवर. आणि बोअरच्या बिलाचा शेवटचा हिस्सा, सिमेंट बसल्यानंतरची भर घालून, तोंडावरचा क्रमांक कोरलेला काँक्रीटचा ठोकळा बघून मगच सुटावा. ड्रिलर वाईट नसतात. ज्याचे पैसे मिळतात ते काम ते चोख करतात, हे मी स्वतः पाहिलंय.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय भूवैज्ञानिक माहितीचं भांडार सर्वांसाठी खुलं केलं. सर्वेक्षणाचे अहवाल, नकाशे, शोधाची माहिती आता घरबसल्या बघता येते. खाणवाल्यांना त्याचा उपयोग आहेच. माझी मागणी एवढीच आहे की त्यातल्या प्रत्येक बोअरपुढे, मग तो १९७५ चा असो की गेल्या हंगामातला, आणखी एक रकाना असावा: बुजवला का, कधी, कशाने. जिथे उत्तर नाही तिथे ‘नाही’ लिहावं. मग त्या ‘नाही’च्या याद्या तालुक्यानुसार काढता येतील. मुलचेऱ्याची यादी मला द्या, फीत आणि वजन माझ्याकडे आहे, आणि जंगलात भोक कुठे आहे ते दाखवणाऱ्या बायका गावात आहेत.